योक्के सुंडवाल आणि मागे गेलेली चकती

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि ग्रानफोर्स आइस हॉकी क्लबच्या प्रमुख सन्माननीय माउद बेर्ग्लुंड, व्यासपीठावर बसलेले आपल्या चर्चचे नवे पाद्री मार्टिन, शेजारच्या एल्वनेसहून मुद्दाम आलेले पाहुणे रोलांड लांटो, क्लबचे आजी-माजी खेळाडू, आमच्या स्केटना धार लावणारी मंडळी, सँडविचच्या केकपासून अजून न हललेली मंडळी, आणि पहिल्या रांगेत मांडीवर रिकामी बशी घेऊन बसलेले, आज खेळातून निवृत्त होणारे सत्कारमूर्ती योआकिम सुंडवाल, म्हणजे आपला योक्के,

योक्केचं आयुष्य एका संध्याकाळी बदललं. कोणत्या, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आपण वरच्या लीगमध्ये राहायचं की खाली जायचं हे ठरवणाऱ्या सामन्यात, अगदी शेवटी, बरोबरी असताना, योक्केने चकती मागे टाकली आणि ती आपल्याच रिकाम्या गोलात गेली.

बघा. झालं बोलून. छप्पर जागेवर आहे.

अध्यक्षांनी मघाशी कॉफीच्या रांगेत मला बाजूला घेतलं होतं. "एलिस, पाच मिनिटं बोल. त्याचं कौतुक कर. आणि ती मॅच काढू नकोस." मी मान डोलावली. मान डोलावली म्हणजे कबूल केलं, असा त्यांचा समज झाला, आणि तो दूर करायला मला वेळ मिळाला नाही. माउद, आता माझ्याकडे असं बघू नका. मला बोलायला उभं करा, असं तुम्हाला मी नाही सांगितलं, ह्या योक्केने सांगितलं.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मी एलिस वाल्स्ट्रॉम. दोन मोसम योक्केच्या जोडीने बचावफळीत खेळतोय. त्याआधी लुलेओला कॉलेजात होतो. ते अर्ध्यात का सोडलं हे सांगण्याची ही जागा नव्हे, कारण माझी आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. क्लबमध्ये माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. हे मी योक्केलाही म्हटलं. तर तो म्हणाला, "चांगलं बोलणारेच नकोत. ते गोड बोलून मला जिवंत पुरतील. तू बोल. तुझं डोकं लवकर फिरतं." याला मी माझा गौरव समजतो.

त्याला आज इथून जाण्याआधी एक गोष्ट हवी आहे. घड्याळ नको, मासेमारीची काठी नको. काय हवंय ते सांगतो, पण आधी रीतीप्रमाणे कारकीर्द.

योक्के शाळेमागच्या उघड्या बर्फावर खेळायला शिकला. त्याचे वडील रबरी नळीने पाणी मारायचे आणि हा ते गोठेपर्यंत स्केट बांधून पायरीवर बसून राहायचा. सतराव्या वर्षी तो पहिल्या संघात आला. त्याच मोसमात पुढचे दात गेले. राष्ट्रीय संघाची तीन मुकुटांची पिवळी जर्सी त्याने घातली. मोठ्या स्पर्धेत नव्हे, सरावाच्या सामन्यांत, पण घातली. त्याची आई ती जर्सी अजून दर नाताळात इस्त्री करते. गोल त्याने फार केले नाहीत. बचावपटूकडून तशी कोणाची अपेक्षाही नसते. त्याचं काम म्हणजे समोरच्याकडून चकती काढून घ्यायची, मान वर करायची आणि मोकळ्या माणसाकडे द्यायची. हे तो इतक्या शांतपणे करायचा की बघणाऱ्याला वाटावं, यात काय मोठंसं? मलाही वाटायचं. मग त्याच्या शेजारी खेळायची वेळ आली, आणि मी ज्या चकतीसाठी धापा टाकत कोपऱ्यात धावायचो, तिथे हा आधीच उभा असायचा. घामही न येता! माणसाला राग येणार नाही तर काय होईल?

त्या वसंतात त्याचं स्वित्झर्लंडच्या एका क्लबशी बोलणं चाललं होतं. नुसती सही बाकी होती म्हणे. तेवढ्यात तो सामना आला.

आता पाद्री मार्टिन आपल्याकडे दक्षिणेतून आले आहेत. तिकडे हिवाळ्यात पाऊस पडतो आणि लोक फुटबॉल खेळतात, यात त्यांचा काही दोष नाही. त्यांच्यासाठी नियम सांगतो, बाकीच्यांनी केक खा.

पाद्रीसाहेब, समजा एल्वनेसच्या एखाद्याने आपल्या माणसाला काठी अडकवली. पण चकती आपल्याचकडे राहिली. अशा वेळी पंच लगेच शिट्टी वाजवत नाही. नुसता हात वर धरतो. एल्वनेसने चकती ताब्यात घेतली की शिट्टी, तोवर खेळ चालू. याचा अर्थ, तेवढा वेळ एल्वनेसला गोल करणं शक्यच नाही. मग आपला गोलरक्षक काय करतो? गोल सोडून बाकड्याकडे पळतो आणि त्याच्याऐवजी एक जादा आक्रमक बर्फावर उतरतो. गोल रिकामा पडतो, पण भीती कसली? समोरचे तर त्यात घालू शकत नाहीत. त्यात आता फक्त आपणच घालू शकतो. आणि इतका मूर्खपणा कोण करेल?

(योक्केने हात वर केला आहे. धन्यवाद, योक्के.)

तर त्या संध्याकाळी काय झालं? समोर एल्वनेस होतं, आणि कोपऱ्यात त्यांच्या रोलांड लांटोंच्या काठीवरची चकती आपल्या एका पोराने काढून घेतली. रोलांड चिडले, त्यांनी मागून काठी अडकवली. पंचाचा हात वर. सगळं स्टेडियम उठून ओरडायला लागलं, कारण आता आपल्याला एक माणूस जादा मिळणार, आणि सामना बरोबरीत सुटला तरी आपण वरच राहणार. आपला गोलरक्षक पळत सुटला. चकती घरंगळत मधल्या रेषेपाशी योक्केकडे आली. अंगावर दोघं धावून येत होते. अशा वेळी कुठलाही बचावपटू जे करतो तेच त्याने केलं. नव्याने सुरुवात करू म्हणून चकती मागे, गोलरक्षकाकडे दिली.

जोरात गेली असती तर लवकर तरी आटपलं असतं. ती सावकाश गेली. बर्फ ओला होता, आडवी-तिडवी वळेल असं वाटत होतं, वळली नाही. योक्के पाठ फिरवून पुढे निघालासुद्धा होता. आधी बाकड्यावरचे उभे राहिले. गोलरक्षक नुकताच कठड्याआत आला होता, तो परत बाहेर उडी मारायला गेला आणि त्याच्या पायातली ती उशीएवढी पॅडं कठड्याला अडकली. मग ओरडणारं स्टेडियम एकदम गप्प झालं. गप्प झालेलं ऐकून योक्केने मागे बघितलं. तोवर चकती जाळ्यात जाऊन पडली होती.

मी तेव्हा शाळकरी होतो, वडिलांच्या शेजारी बसलो होतो. घरी जाताना गाडीत वडिलांनी रेडिओ लावला नाही. एवढंच मला आठवतं.

आणि आता नियमाचा दुसरा भाग. आइस हॉकीत माणसाने स्वतःच्या गोलात घातलं, तर त्याची त्याच्या नावावर नोंद होत नाही. समोरच्या संघातल्या ज्या कोणाची काठी चकतीला शेवटची लागली असेल, गोल त्याचा. आणि शेवटची लागली होती रोलांड लांटोंची. शिक्षा आपल्यालाच होणार हे ओळखून ते खाली मान घालून, शिक्षा झालेल्याला दोन मिनिटं बसवतात त्या पेटीकडे निघाले होते. भोंगा वाजला म्हणून त्यांनी वर बघितलं, तर गोल त्यांचा! आणि गोल त्यांचा असूनही, काठी अडकवली म्हणून त्यांना पेटीत जाऊन बसावं लागलंच. ज्या गोलाने आपण खाली गेलो, तो गोल करणारा माणूस त्या वेळी शिक्षा भोगायला निघाला होता. रोलांड, हसा, हसा. तुम्हाला परवानगी आहे.

इथपर्यंत जे सांगितलं ते हॉकीत होतं. कुठेही होऊ शकतं. पुढचं मात्र ग्रानफोर्सलाच जमतं.

पुढचं म्हणजे काहीच झालं नाही! त्या संध्याकाळबद्दल योक्केच्या समोर या गावात कोणी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, त्यानंतरही नाही. केस कापायला गेला की सिव्हर्ट न्हावी रेडिओ बंद करायचा, न जाणो, खेळाच्या बातम्या लागायच्या. दुकानात शिरला की लोकांना एकदम हवामान आठवायचं. क्लबच्या वर्धापनदिनाच्या पुस्तकात ते वर्ष नाही. छापखान्याची चूक, असं सांगतात. कोणाला वाईट वाटू नये म्हणून आपण किती जपतो! आपण भली माणसं आहोत, नाही का?

पण पाठीमागे? पाठीमागे आपण त्याच्या नावाचं क्रियापद केलं. कोणी गाडी मागे घेताना स्वतःच्याच गॅरेजच्या दारावर घातली की काय म्हणतो आपण? "सुंडवाल केला." मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. एकदा पेट्रोल पंपावर एकाने बोटीचा ट्रेलर मागे घेत घेत खांबावर ठोकला. त्याचा मित्र ओरडला, "सुंडवाल!" आणि वळून बघतो तो मागे योक्के, हातात नळी धरून उभा. तो मित्र कानापर्यंत लाल झाला. आत गेला आणि योक्केसाठी कॉफी आणि दालचिनीचा पाव घेऊन आला. बोलला काय? "आज जरा वारं आहे."

योक्केने पाव खाल्ला. तो म्हणतो, "मला वाटत होतं, हा आता बोलेल. तोंड उघडलंही होतं त्याने. आणि निघालं काय, तर वारं."

मी संघात आलो तेव्हा मलाही पहिल्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत सांगण्यात आलं. तिथे सगळ्यांची सगळ्यावरून टर उडवतात. कोणाच्या टकलावरून, कोणाच्या बायकोच्या आधीच्या नवऱ्यावरून. फक्त तो सामना काढायचा नाही. ठीक आहे, म्हटलं.

मग एकदा सरावात माझं बिनसलेलं होतं. सकाळी तूव्हाशी, म्हणजे माझ्या... तूव्हाशी फोनवर भांडण झालं होतं. ती फोन उचलत नव्हती आणि मी बर्फावर चकती सोडून तिच्याचबद्दल विचार करत होतो. योक्के मला सारखा टोकत होता.

"एलिस, मान वर! पायात बघून काय सापडणार आहे?"

मी खालीच बघत पुढे गेलो.

"एलिस! आंधळा आहेस का? मी मोकळा होतो!"

"दिसत होतास!"

"मग दे ना! घरी नेणार आहेस का ती?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी काठी आपटली आणि ओरडलो, "निदान मी आपल्याच गोलात तरी घालत नाही!"

काय सांगू? बर्फ सपाट करायचं यंत्र कोपऱ्यात घुरघुरत होतं, तेवढा एकच आवाज. प्रशिक्षकांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. योक्के काठीवर ओणवा झाला आणि त्याचे खांदे हलायला लागले. आमचा कप्तान माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रडवलंस त्याला. आता तुझी खैर नाही." मी जवळ गेलो. तो रडत नव्हता. हसत होता. इतका, की हेल्मेट काढून डोळे पुसावे लागले.

"परत म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"तेच. परत म्हण. मोठ्याने."

मी म्हटलं. त्यानंतर तो असा खेळला, की दोन तास कोणाला चकती दिसू दिली नाही.

नंतर सॉनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, आम्ही दोघंच वरच्या फळीवर बसलो होतो. तो दगडांवर पाणी ओतून म्हणाला, "इतकी वर्षं वाट बघतोय. कोणीतरी म्हणेल, कोणीतरी म्हणेल."

"तुला राग नाही आला?"

"कसला राग? अरे, माझ्या बायकोनेसुद्धा कधी विचारलं नाही. घटस्फोट घेताना तिने माझे सगळे दोष काढले. घोरण्यापासून सुरुवात केली. तो तेवढा नाही काढला. म्हणाली, तेवढ्या खालच्या पातळीला मी जाणार नाही."

आता यावर हसावं की काय करावं? मी पाणी ओतलं.

मग मी त्याला ते स्वित्झर्लंडचं विचारलं. कारण आपण सगळ्यांनीच ऐकलंय, मघाशी इथे बोलून गेलेल्या नगराध्यक्षांनीही सांगितलं, की योक्केने परदेशातला करार नाकारला, प्रायश्चित्त म्हणून संघाबरोबर खाली गेला, गावासाठी त्याग केला. टाळ्याही पडल्या. योक्केला टाळ्या वाजवता आल्या नाहीत, हातात बशी होती. सॉनात तो मला काय म्हणाला ते सांगतो, आणि हे त्याच्या परवानगीने सांगतो. म्हणाला, "त्याग कुठला! त्यांचा फोनच आला नाही. त्यांनीही ती चित्रफीत बघितली असणार. मी उन्हाळाभर फोन खिशात घेऊन हिंडलो. मग इथल्या क्लबने विचारलं, राहतोस का? मी म्हटलं, राहतो. दुसरं कोणी विचारलंच नव्हतं."

"मग लोकांना सांगितलं का नाहीस?"

"कोणाला? विषय कोणी काढला तर सांगणार ना!"

माणूस इतकी वर्षं हुतात्मा होऊन या गावात राहिला. का? तर, "योक्के, तू गेला का नाहीस?" एवढं विचारायला आपली जीभ रेटली नाही. बसमधून रात्रंदिवस प्रवास करून, खांदा दोनदा जागेवरून सरकूनही, तो खालच्या लीगमध्ये खेळला. पुन्हा वर न्यायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा जमलं नाही. चांगला खेळला म्हणून खेळला. उत्तम खेळला म्हणून आपण त्याला ठेवला. ह्याला कारकीर्द म्हणतात. तिला प्रायश्चित्त म्हणून आपण तिची किंमत कमी करतोय, असं मला वाटतं. माझा आवाज चढलाय का? आई खुणावते आहे. बरं.

पाणी पितो.

आता रोलांड लांटो इथे कसे, हे सांगायला हवं, कारण काही लोक मघापासून त्यांच्याकडे बघून माझ्याकडे बघताहेत. तूव्हाचं आडनाव लांटो. एल्वनेसमध्ये दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या लांटोला लागतो, त्यामुळे मला शंका आली नाही. तिने पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं. मी दारात बूट काढले, मोज्याला भोक होतं, ते अंगठ्याखाली दाबून आत गेलो. स्वयंपाकघरात हे उभे, अॅप्रन बांधून, रेनडियरचं मांस परतत. मी ओळखलं. ग्रानफोर्सचा कुठला पोरगा ओळखणार नाही?

"ग्रानफोर्सचा ना तू?"

"हो."

"म्हणजे मी कोण ते सांगायला नको."

"नको."

"मग बस. बटाटे घे."

मी बटाटे घेतले. तूव्हा टेबलाखालून मला लाथ मारत होती, बोल काहीतरी म्हणून. काय बोलणार? मी म्हटलं, "आज जरा वारं आहे."

रोलांड तवा खाली ठेवून हसायला लागले. म्हणाले, "हे बघ पोरा, वरच्या लीगमध्ये माझ्या नावावर एकच गोल आहे, आणि तो मी बघितलेला नाही. मी खाली मान घालून चाललो होतो. एल्वनेसमध्ये मला रोज कोणी ना कोणी याची आठवण करून देतं. पेट्रोल भरायला गेलो, 'रोलांड, मान वर कर, गोल झाला!' मुलीच्या शाळेत गेलो, 'रोलांड, इथे बस, ही पेटी नव्हे.' माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला शेजाऱ्यांनी बागेत लाकडाची पेटी बांधली आणि मला त्यात बसवून केक भरवला. सुरुवातीला लागायचं. आता कोणी काही म्हटलं नाही तर चुकल्यासारखं होतं." मग त्यांनी विचारलं, "तुमचा तो सुंडवाल कसा आहे? त्याला काय काय म्हणतात?"

मी म्हटलं, "काही नाही म्हणत."

"काहीच नाही?"

"एक अक्षर नाही."

रोलांडनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता हे मला मुलगी देणार नाहीत. म्हणाले, "तुम्ही लोक फार वाईट आहात रे."

हे मी योक्केला सांगितलं. तो स्केटची नाडी सोडता सोडता थांबला. मग म्हणाला, "लाकडाची पेटी?" मी म्हटलं, हो. म्हणाला, "आणि केक?" हो. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला मी हेवा म्हणेन. दुसरा शब्द मला सापडला नाही.

म्हणून क्लबने जेव्हा त्याला विचारलं की निरोपाची भेट काय देऊ, तेव्हा तो म्हणाला, रोलांड लांटोला बोलवा, आणि चित्रफितीत तो गोल दाखवा. पहिलं झालं. त्यासाठी कार्यकारिणीत काय काय झालं ते मी बोलत नाही. अध्यक्षा ठामपणे उभ्या राहिल्या, त्यांचे आभार. एल्वनेसहून रोलांडना माझ्या गाडीतून आणलं, तूव्हा मागे बसली होती, फोन उचलते हल्ली. दुसरं मात्र झालं नाही. मघाशी तुम्ही चित्रफीत बघितली. सुंदर केली आहे. उघड्या बर्फावरचा लहान योक्के आहे, दात नसलेला योक्के आहे, पिवळ्या जर्सीतला योक्के आहे. नाताळचा सामना आहे, आणि मग एकदम पुढचा शरद ऋतू, मधला तो वसंत नाहीच. मी योक्केकडे बघत होतो. दिवे लागले तेव्हा तो टाळ्या वाजवत होता आणि मला त्याचा चेहरा बघवला नाही.

काल तो मला म्हणाला, "एलिस, मी सगळा जन्म खेळलो, त्यातलं लोकांना एक आठवतं. ते एक तुम्ही कापलंत, की मग इथे बसलेला माणूस कोण? उद्या मी या दारातून बाहेर पडणार. त्याआधी कोणीतरी एकाने माझ्या तोंडावर मला विचारावं. हसत विचारा, चिडून विचारा. चालेल."

हीच त्याची भेट. घड्याळ तुम्ही दिलंत, छान आहे. आता ही द्या.

मी विचारू शकत नाही. माझं म्हणून झालंय, आणि मी तेव्हा शाळकरी होतो, माझं काय गेलं? ज्यांचं गेलं ते तुम्ही आहात. तुम्ही त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाहीत, तुम्ही मोसमाचे पास जाळलेत, तुमच्यातले काही नंतर वर्षभर इथे फिरकले नाहीत. आहे कोणी?

थांबतो मी. मला घाई नाही. योक्केला आहे, तो शिकवतो त्या मुलींच्या संघाची बर्फाची वेळ आत्ता सुरू होतेय आणि ती वेळ गेली तर परत मिळत नाही. पण मी थांबतो.

कोणी नाही?

कॉफी ढवळताहेत बघा सगळे. साखर केव्हाच विरघळली असेल.

माउद? अध्यक्षा उठल्या आहेत. मला वाटतं, माझी पाच मिनिटं संपली हे सांगायला. घ्या, माइक घ्या. नको? बरं. मागच्यांना ऐकू येत नाहीये, मी सांगतो त्या काय म्हणताहेत ते. त्या म्हणताहेत, "मी त्या दिवशी आपल्या गोलाच्या बरोबर मागे बसले होते. काचेला नाक लावून." हो. "ती चकती माझ्याकडेच येत होती. मी तिला हाताने नको नको करत होते, काचेच्या मागून." माउद, सावकाश. बसा हवं तर. नाही, बसत नाहीत. योक्केला म्हणताहेत, "मी तुला कधी विचारलं नाही, कारण मला वाटलं, तुला लागेल."

आता त्या त्याच्याकडे वळल्यात. त्या म्हणताहेत, "योक्के, का रे टाकलीस मागे?"

ऐकलंत सगळ्यांनी? मागे ऐकू आलं? "का रे टाकलीस मागे?"

योक्के उठला आहे. बशी खुर्चीवर ठेवली. तो म्हणतोय... मोठ्याने बोल ना! तो म्हणतोय, "पंचाचा हात मला दिसला नाही. माझी पाठ होती. मला वाटलं, गोलरक्षक आहे." हं. आणखी काहीतरी म्हणतोय. "तुम्ही सगळे उठून ओरडत होतात. मला वाटलं, माझ्यासाठी ओरडताय."

...

मागून कोणीतरी काहीतरी म्हणालं. कोण? सिव्हर्ट? परत म्हणा. सिव्हर्ट म्हणतोय, "केस डोळ्यांवर येत होते तुझे, तेव्हाच सांगत होतो कापून घे!" हसताहेत बघा सगळे. आणि तिकडून कोण? "माझा पास परत दे!" दे रे, योक्के, त्याचा पास. रोलांड उठून काहीतरी म्हणताहेत, "नोंदीत गोल माझा आहे, सगळं श्रेय ह्यालाच देऊ नका!" माउद डोळे पुसताहेत आणि हसताहेत, दोन्ही एकदम चाललंय. नाही, आता मला कोणी ऐकत नाहीये. एकेक करून बोला! इतकी वर्षं गप्प बसलात, आता रांग लावा!

योक्केने जाकीट घेतलं. रोलांडना मिठी मारली. घड्याळ खुर्चीवरच राहिलं, असू दे, मी आणून देईन. मुली बर्फावर उतरल्याही असतील, त्याला जाऊ द्या. वाट द्या त्याला. थोपटा, पण खांद्यावर नको, तो खांदा वाईट आहे.

मी उरकतो. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला बोलू दिलं म्हणून आणि स्वतः बोलल्या म्हणून. पाहुण्यांचे आभार, ते शत्रूच्या घरी येऊन केक खाऊन हसले म्हणून. पाद्री मार्टिन यांचे आभार, त्यांनी नियम समजल्यासारखी मान डोलावली म्हणून. केक करणाऱ्यांचे आभार. बोलताना आवाज चढला असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, घरातलं चारचौघांत निघालं असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला. आई, तूसुद्धा.

तो दारापाशी पोचला. मागून कोणीतरी ओरडतंय, "योक्के! दार लावण्याआधी मागे कोणी आहे का बघून घे!"

थांबला. वळला.

बघितलं त्याने. सगळ्यांकडे, पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत. मग बाहेर गेला, आणि दार लावलं.